माती घडते कशी, जाते कुठे: तंजावरच्या भूमीतील पुरावे

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या प्राकारभिंतीवर एक लांबलचक मराठी शिलालेख आहे. दुसऱ्या सरफोजी राजांच्या आज्ञेवरून तो १८०३ मध्ये देवनागरी अक्षरांत कोरला गेला. भोसले घराण्याचा इतिहास त्यात सांगितलेला आहे. दोनशे वर्षे उलटून गेली, तरी महाराष्ट्रातून आलेला यात्रेकरू त्यातील ओळी सहज वाचू शकतो. त्याच मंदिराच्या अधिष्ठानावर राजराज चोळाच्या काळातील तमिळ लेख आहेत. मंदिराची प्रतिष्ठापना १०१० मधील. म्हणजे ऊन, पाऊस आणि समुद्राकडून येणारा दमट वारा सोसत त्या अक्षरांनी सुमारे हजार वर्षे काढली आहेत. ग्रॅनाइटच्या जातीचा दगड किती सावकाश झिजतो, याचे याहून सोपे प्रात्यक्षिक शोधून सापडणार नाही.

मंदिराबाहेर पडून पूर्वेकडे निघाले, की मात्र दगड नजरेआड होतो. भाताची खाचरे, पाट, केळी आणि नारळ यांच्या त्या सपाट मुलखात विहीर किंवा कूपनलिका खणताना चिकणमाती, रेती आणि पुन्हा चिकणमाती असे थर लागतात. कठीण खडक लवकर लागत नाही. साठ मीटरहून उंच विमान ज्या दगडाचे बांधले, तो दगड या त्रिभुज प्रदेशातला नाही. तो दूरच्या खडकाळ भागातून आणावा लागला. एवढी माती मग कोठून आली? ती किती काळात साचली? आणि तिच्या खाली काय आहे?

या प्रश्नांची उत्तरे तीन गोष्टींत आहेत: खडकाचे विदारण, मातीची धूप आणि थरांत जपले गेलेले जीवाश्म. तंजावर आणि त्याच्या उत्तरेचा अरियलूर-पेरंबलूर हा टापू मिळून शे-सव्वाशे किलोमीटरच्या पट्ट्यात या तिन्ही गोष्टी उघड्या डोळ्यांनी पाहता येतात. कृषी विस्तार कार्यकर्त्याला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. शेतकऱ्याला मृदसंधारणाचा सल्ला देताना त्यामागे जो वेळेचा हिशोब असतो, तो हिशोब येथे दगडात आणि गाळात लिहिलेला आहे.

खडकाची माती होते तेव्हा

खडक जागच्या जागी फुटणे, कुजणे आणि विरघळणे म्हणजे विदारण. फुटलेला माल पाणी, वारा किंवा उतार यांच्यामुळे जागा सोडून जाऊ लागला, की ती धूप. हा भेद लहान वाटतो, पण मातीच्या जमाखर्चात तोच महत्त्वाचा आहे. विदारण ही जमेची बाजू आहे आणि धूप ही खर्चाची.

कावेरीच्या पाणलोट क्षेत्रातील बहुतेक खडक ग्रॅनाइट, पट्टिताश्म आणि चार्नोकाइट या जुन्या, स्फटिकमय जातींचे आहेत. अशा खडकात प्रामुख्याने स्फटिकी सिलिका म्हणजे गारगोटीचे खनिज, फेल्डस्पार आणि अभ्रक असतात. दिवसाच्या उन्हाने आणि रात्रीच्या गारव्याने ही खनिजे कमी-अधिक प्रसरण व आकुंचन पावतात आणि दगडाला बारीक भेगा पडतात. भेगांत पाणी शिरते. पावसाच्या पाण्यात हवेतील कर्बाम्ल वायू विरघळून सौम्य आम्ल तयार झालेले असते. ते फेल्डस्पारवर काम करते. त्यातून पोटॅश, सोडा आणि चुना हळूहळू मोकळे होतात आणि चिकणमातीची खनिजे उरतात. गारगोटीच्या कणांवर आम्लाचा फारसा परिणाम होत नाही. ते रेती होऊन सुटतात. कावेरीच्या पात्रातील चमकणारी रेती आणि खाचरातील चिकण गाळ ही मुळात एकाच खडकाची दोन अपत्ये आहेत.

महाराष्ट्रातील बेसाल्टची गोष्ट वेगळी आहे. त्यात गारगोटीचे खनिज जवळपास नसते. लोह, मॅग्नेशियम आणि चुना असलेली खनिजे जास्त असतात. म्हणून बेसाल्टच्या विदारणातून रेती फार थोडी आणि फुगणारी चिकणमाती पुष्कळ मिळते. उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात चिकटणारी काळी जमीन ही त्या खनिज घडणीचीच परिणती आहे. खडक ओळखला, की जमिनीच्या स्वभावाचा निम्मा अंदाज येतो, असे म्हणतात ते यामुळे.

मंदिराच्या भिंतीचा दगड इतका टिकाऊ, मग शेताखालचा दगड मुरूम कसा होतो? याचे उत्तर पाण्याच्या मुक्कामात आहे. भिंतीवरचे पाणी काही मिनिटांत ओघळून जाते आणि दगड पुन्हा कोरडा होतो. मातीखालचा खडक मात्र महिनोन्‌महिने ओलसर राहतो. शिवाय मुळांचा आणि सूक्ष्मजीवांचा श्वासोच्छ्वास मातीतील हवेत कर्बाम्ल वायूचे प्रमाण बाहेरच्या हवेच्या कित्येक पट वाढवितो. त्यामुळे खडकाचे कुजणे मातीच्या पांघरुणाखाली अधिक जोमाने चालते. पांघरूण गेले आणि खडक उघडा पडला, की नवी माती तयार होण्याची क्रियाही मंदावते. ज्या शेतातील माती वाहून गेली, त्या शेताला दुहेरी तोटा होतो तो असा.

या कामात कीटकांचाही वाटा मोठा आहे. वाळवी आणि मुंग्या खालच्या थरातील बारीक माती कणाकणाने वर आणतात. वारुळाच्या मातीत आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चिकणमातीचे प्रमाण बहुधा जास्त आढळते, ते या श्रमामुळे. त्यांनी पाडलेल्या बोगद्यांतून हवा आणि पाणी खोलवर पोचते व तेथील विदारणाला चालना मिळते. गांडुळांचे काम सर्वांना परिचित आहे. कोरडवाहू, तांबड्या जमिनीत त्याच जातीचे बरेचसे काम वाळवी करीत असते.

तंजावर शहराच्या नैऋत्येला वल्लमच्या बाजूस गेले, की हा तांबडा, जांभ्यासारखा उंच भूभाग लागतो. पावसाने चुना, पोटॅश असे विद्राव्य घटक धुऊन नेले आणि लोहाची संयुगे मागे राहिली, म्हणून तिचा रंग तांबडा. पूर्वेचा गाळाचा सपाट प्रदेश आणि नैऋत्येचे हे तांबडे माळ यांत काही मैलांचेच अंतर आहे, परंतु वयाने आणि घडणीने त्या दोन वेगळ्या जमिनी आहेत. खताच्या मात्रांची एकच शिफारस दोन्हींना लावता येत नाही, यामागचे कारण भूशास्त्रीय आहे.

नदीने उचलून आणलेली जमीन

कावेरी कोडगूतील तलकावेरी येथे उगम पावते आणि सुमारे ८०० किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. डोंगराळ भागात तिचा वेग जास्त असतो; तेथे ती उचलते. तिरुचिरापल्लीच्या पुढे उतार अगदी कमी होतो. तेथे ती ठेवू लागते. जड रेती आधी पात्रात बसते, बारीक गाळ पुराबरोबर दोन्ही काठांवर पसरतो. पात्र गाळाने उथळ झाले, की नदी बाजूला सरकून नवी वाट काढते. अशा असंख्य वाटांचे पंख्यासारखे जाळे म्हणजे तंजावरचा त्रिभुज प्रदेश. शेतात कोठेतरी चिकणमातीच्या मध्येच रेतीचा लांबट पट्टा लागतो, तेव्हा ती बहुधा नदीने सोडून दिलेली जुनी वाट असते.

या गाळाशी माणसाचा व्यवहारही जुना आहे. करिकाल चोळाच्या नावाने ओळखला जाणारा कल्लणै हा बंधारा जगातील जुन्या आणि अजून वापरात असलेल्या सिंचन बांधकामांत गणला जातो. कावेरीचे पाणी सखल कोळ्ळिडम शाखेत निसटून जाऊ नये आणि शेतीकडे वळावे, हा त्याचा हेतू. मात्र पाण्याबरोबर गाळही आला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कावेरीचे पात्र रेतीने चढत गेले होते, कोळ्ळिडमचा उतार अधिक तीव्र असल्यामुळे पाणी तिकडे ओढले जात होते आणि तंजावरची खाचरे तहानलेली राहत होती. आर्थर कॉटन यांनी कल्लणैचा अभ्यास करून १८३६ मध्ये वरच्या अंगाला, मुक्कोंबू येथे कोळ्ळिडमवर नवा बंधारा बांधला. त्याने पाणी वळले. पण पुढे कावेरीचे पात्र उलट खरवडले जाऊ लागले आणि तेथेही नियंत्रणाची कामे करावी लागली. नदीत एका जागी हात घातला, की दुसऱ्या जागी धूप किंवा गाळ वाढतो, हा धडा तंजावरला दीडशे वर्षांपूर्वीच मिळालेला आहे.

१९३४ मध्ये मेट्टूर धरण पूर्ण झाले. त्याने कुरुवै, सांबा आणि ताळडी या हंगामांना पाण्याची शाश्वती दिली. त्याच वर्षी सुरू झालेल्या कल्लणै कालव्याने तंजावरच्या तांबड्या माळांनाही पाणी मिळाले. परंतु धरणाच्या स्थिर पाण्यात गाळ खाली बसतो. पूर्वी जो गाळ पुराबरोबर खाचरांत आणि किनाऱ्यापर्यंत जात असे, त्याचा मोठा भाग आता जलाशयांत अडतो. त्रिभुज प्रदेश ही नदी आणि समुद्र यांच्यातील रोजची देवघेव असते. नदीने देणे कमी केले, की समुद्राचे घेणे उठून दिसू लागते.

समुद्राचे हे घेणे धरणांच्याही पूर्वीपासूनचे आहे. तरंगंबाडी येथे चौदाव्या शतकाच्या प्रारंभी बांधलेल्या मासिलामणिनाथर मंदिराचा मोठा भाग समुद्राने गिळला आहे. त्याच्या उत्तरेला, कावेरीच्या मुखाशी असलेले पूंपुहार हे संगमकालीन बंदर. तेथील प्राचीन अवशेष जमिनीवर तसेच समुद्राच्या पाण्याखालीही नोंदले गेले आहेत. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत नागपट्टिनमच्या किनारी शेतांवर खारे पाणी आणि समुद्राची रेती एका सकाळीत पसरली. काही शतकांनी तेथे खड्डा खणणाऱ्याला चिकण गाळाच्या मध्ये रेतीची एक पातळ रेघ दिसली, तर ती त्या सकाळची नोंद असेल. भूपृष्ठाचा इतिहास असाच, थराथराने लिहिला जातो.

घळीत उघडा पडलेला समुद्र

या लेखनाची फार जुनी पाने पाहायची, तर तंजावरहून कोळ्ळिडम ओलांडून उत्तरेला चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवरील अरियलूरला जावे लागते. आज हा कोरडा, उष्ण टापू समुद्रापासून बराच आत आहे. तरीही तेथील चुनखडीच्या खाणींत शिंपल्यांचे जाड थर दिसतात. कल्लंकुरिच्ची परिसरातील चुनखडक तर मोठ्या, जाड कवचाच्या कालवांनी भरलेला आहे. या चुनखडीवर तेथील सिमेंट कारखाने चालतात. गरुडमंगलमचा शंख-शिंपल्यांनी खच्चून भरलेला दगड ‘त्रिचनापल्ली संगमरवर’ या नावाने शोभेच्या बांधकामात वापरला गेला. वस्तुतः तो संगमरवर नसून घट्ट झालेला शिंपल्यांचा चुनखडक आहे.

याचा अर्थ एकच: येथे समुद्र होता. गोंडवन हा प्राचीन महाखंड फुटून भारताचा पूर्व किनारा अंटार्क्टिकापासून अलग होऊ लागला, तेव्हा जमिनीचे मोठे पट्टे खाली खचले आणि त्यांत समुद्र शिरला. सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वीपासून क्रेटेशियस कालखंडाच्या अखेरीपर्यंत, म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत, तो येथे पुढे-मागे होत राहिला. १८४० च्या दशकात येथील जीवाश्म लंडनच्या भूशास्त्रज्ञांपर्यंत पोचले. हेन्री ब्लॅनफर्ड यांनी या खडकांचे उत्तत्तूर, त्रिचनापल्ली आणि अरियलूर असे तीन गट पाडले. १८६२ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यानंतर फर्डिनंड स्टोलिच्का यांनी येथील जीवाश्मांचे अनेक खंडांत वर्णन केले. दक्षिण भारतातील हा टापू तेव्हापासून जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक आहे.

खडकांचा क्रम ठरविताना त्यांनी जी पद्धत वापरली, ती समजण्यास अवघड नाही. अबाधित थरांत खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा. प्रत्येक थरातील जीवाश्मांचा संच निराळा असतो. अमोनाइट हे गुंडाळीच्या शंखाचे, माखलीचे दूरचे नातलग असलेले समुद्री प्राणी झपाट्याने बदलत गेले. म्हणून एखाद्या थरात अमोनाइटची कोणती जात आहे, यावरून त्या थराचे वय ओळखता येते. दूरच्या दोन गावांतील खडकांत तीच जात सापडली, तर ते थर समकालीन ठरतात. कीटकशास्त्रज्ञ सापळ्यात सापडलेल्या पतंगांच्या जातींवरून पिकाचा हंगाम आणि अवस्था सांगतो, त्याच प्रकारचे हे अनुमान आहे.

पेरंबलूरजवळील कारै येथे हे सारे एका दृष्टिक्षेपात दिसते. तेथे मऊ चिकण खडकाचा विस्तीर्ण भाग पावसाने असा काही चिरला आहे, की हजारो घळी, कडा आणि सुळके यांची उत्खातभूमी तयार झाली आहे. झाडोरा विरळ आहे. प्रत्येक मोठ्या पावसाने उताराची साल निघते आणि बेलेम्नाइटच्या गोळीसारख्या टोकदार कवचांचे तुकडे, अमोनाइट, जिप्समच्या चकत्या आणि फॉस्फेटच्या गाठी उघड्या पडतात. भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला ती पर्वणी आहे. मृदसंधारण करणाऱ्याला तेच दृश्य इशाऱ्यासारखे दिसेल, कारण घळपाडी धूप शेवटच्या टप्प्याला गेली म्हणजे जमीन कशी दिसते, हे तेथे कळते.

समुद्र होता म्हणजे जवळपास जमीनही होती. सात्तनूर येथे सुमारे १८ मीटर लांबीचे दगड झालेले झाडाचे खोड पडलेले आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे पहिले भारतीय प्रमुख झालेले म. सी. कृष्णन यांनी ते १९४० मध्ये उजेडात आणले. आज ते राष्ट्रीय भूशास्त्रीय स्मारक आहे. नदीने वाहून आणलेले ते झाड उथळ समुद्राच्या गाळात लवकर पुरले गेले. प्राणवायू न मिळाल्यामुळे ते कुजले नाही. भूजलातील सिलिका पेशीपेशींत साचत गेली आणि लाकडाच्या जागी दगड आला. याच कालखंडातील समुद्रतळाच्या थरांत खेकडे-कोळंबीसारख्या प्राण्यांनी केलेली बिळेही जीवाश्मरूपाने उरली आहेत. प्राण्याचे शरीर नाहीसे झाले, पण त्याचे वागणे शिल्लक राहिले.

मात्र जी धूप जीवाश्म उघडे करते, तीच त्यांचा नाशही करते. अरियलूर जिल्ह्यातील कल्लमेडू येथील थरांतून एका प्रचंड डायनोसॉरची हाडे मिळाली. १९८७ मध्ये त्याला ‘बृहत्कायोसॉरस’ हे नाव देण्यात आले. जगातील सर्वांत मोठ्या भूचर प्राण्यांत त्याची गणना व्हावी काय, यावर अजून चर्चा चालते. परंतु ती मिटविण्यासाठी लागणारी हाडेच आता उरलेली नाहीत. ती मुळातच ठिसूळ झाली होती आणि तुकडे होऊन नष्ट झाली. मागे वर्णन आणि रेखाटने यांसारखा पुरावाच राहिला. कोट्यवधी वर्षे मातीखाली सुरक्षित असलेली वस्तू उघड्यावर आल्यावर काही पावसाळ्यांत संपते. उघडे पडणे किती महाग असते, हे यावरून ध्यानात यावे.

पिसदुऱ्याचे भाताचे नातलग

अरियलूरच्या वरच्या थरांत हे डायनोसॉर वावरत होते, त्याच सुमारास महाराष्ट्राच्या भूमीवर लाव्हारसाचे थरावर थर पसरत होते. सह्याद्रीच्या कड्यांत पायऱ्यांसारखे दिसणारे बेसाल्टचे पट्टे म्हणजे ते थर. त्यांचे विदारण होऊनच आपली काळी जमीन झाली. तंजावरचा चिकण गाळ आणि विदर्भ-मराठवाड्याची रेगूर यांच्यामागे भूतकाळाची अशी दोन वेगळी प्रकरणे आहेत.

या दोन प्रदेशांना जोडणारा एक धागा चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे सापडतो. तेथील थरांत डायनोसॉरची हाडे आणि त्यांच्या विष्ठेचे जीवाश्म मिळतात. भारतीय संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या विष्ठेत गवतवर्गीय वनस्पतींचे सूक्ष्म सिलिका-कण आढळले. गवते डायनोसॉरच्या काळानंतर उदयास आली, हा तोवरचा समज त्यामुळे बदलावा लागला. २०११ मधील पुढील अभ्यासात मध्य भारतातील त्याच काळच्या नमुन्यांत भाताच्या कुळाशी नाते सांगणारे अवशेष ओळखले गेले. भाताच्या पानाला हात लावला, की जो खरखरीतपणा जाणवतो, तो अशाच सिलिका-कणांचा. खोडकिडीसारख्या किडींना कुरतडणे जड जावे म्हणून भाताला सिलिका देण्याची शिफारस आज केली जाते. वनस्पतीचे हे कवच किती प्राचीन आहे, ते एका जीवाश्मावरून कळले.

तंजावर हा तामिळनाडूचा भाताचा कोठार समजला जातो. आडुतुरै येथील भात संशोधन केंद्राचे वाण दूरवर गेले आहेत. त्या भाताच्या दूरच्या पूर्वजांचे पुरावे विदर्भाच्या मातीतून मिळावेत, ही गोष्ट दोन्हीकडच्या शेतकऱ्यांना सांगण्यासारखी आहे.

वेगाचा हिशोब

आता मूळ प्रश्नाकडे वळू. उघड्या, कठीण खडकाची झीज सर्वसाधारणपणे हजार वर्षांत काही मिलिमीटर ते एक-दोन सेंटिमीटर एवढी मंद असते. खडकापासून अडीच सेंटिमीटर माती तयार होण्यास हवामान आणि खडक यांनुसार साधारण तीनशे ते हजार वर्षे लागतात, असे मानले जाते. ही जमेची बाजू.

खर्चाच्या बाजूस १९८३ चा एक अंदाज भारतात अजूनही आधाराला घेतला जातो. त्यानुसार देशात दरवर्षी सुमारे ५३३ कोटी टन मातीची धूप होते. सरासरीने हेक्टरी १६.४ टन. यापैकी सुमारे २९ टक्के माती समुद्रात जाते, १० टक्के जलाशयांत साचते आणि उरलेली ६१ टक्के एका जागेवरून दुसरीकडे सरकते.

हेक्टरी १६.४ टन म्हणजे किती, हे शेतकऱ्याला समजावे यासाठी साधे गणित करता येते. एक हेक्टरवरील एक मिलिमीटर जाडीच्या मातीचे वजन सुमारे १३ टन भरते. म्हणजे सरासरी धूप वर्षाला सव्वा मिलिमीटरच्या आसपास आहे. एका हंगामात ती डोळ्यांना दिसत नाही. दहा वर्षांत ती सव्वा सेंटिमीटर होते. मंदिराच्या भिंतीवरील दगड हजार वर्षांत जेवढा झिजत असेल, तेवढी किंवा त्याहून जास्त माती सरासरी शेत दहा वर्षांत गमावते. आणि जाते ती वरची, सेंद्रिय कर्ब असलेली, खत धरून ठेवणारी, सूक्ष्मजीवांनी भरलेली माती.

ही राष्ट्रीय सरासरी आहे. तंजावरच्या बांध घातलेल्या सपाट खाचरात धूप नगण्य असते. उघड्या उताराच्या जमिनीत ती सरासरीच्या कित्येक पट होऊ शकते. म्हणून मृदसंधारणाच्या शिफारशीत जमिनीची खोली आणि खालचा खडक यांना महत्त्व दिले जाते. आपल्याकडे धुपेची सोसता येण्याजोगी मर्यादा हेक्टरी वर्षाला २.५ ते १२.५ टन अशी जमिनीनुसार धरली जाते. कठीण खडकावरील वीतभर मातीला खालची मर्यादा लागू होते. खोल गाळाच्या जमिनीला वरची.

शेतात वाचता येणाऱ्या खुणा

भूशास्त्रज्ञ कारैच्या घळीत जे करतो, ते विस्तार कार्यकर्त्याला शिवारफेरीत करता येते. त्यासाठी उपकरणे लागत नाहीत. नाल्याचा काठ, विहिरीचे खोदकाम किंवा शेततळ्याचा उघडा काप पुरेसा असतो.

पहिली गोष्ट, थर पाहावेत. वरचा गडद थर किती जाड आहे, मुरूम किती खोलीवर लागतो, मध्ये चुनखडीच्या खड्यांचा किंवा रेतीचा पट्टा आहे काय, हे मोजून नोंदवावे. रेतीचा पट्टा असेल तर तेथे पाणी निसटते आणि पाळी लवकर द्यावी लागते. चुनखडीचे खडे खालच्या थरातले असतात. ते नांगराच्या तासात वर दिसू लागले, तर वरची माती गेली असे समजावे.

दुसरी गोष्ट, पृष्ठभाग वाचावा. झाडांची मुळे जमिनीवर उघडी पडणे, खड्यांच्या आडोशाला मातीचे छोटे खांब उरणे, उताराच्या माथ्यावर जमीन फिकट आणि पायथ्याला गडद दिसणे, बांधाच्या वरच्या अंगाला माती साचून खालच्या अंगाला पायरी तयार होणे, या साऱ्या सालकाढी धुपेच्या खुणा आहेत. ओघळ दिसू लागले म्हणजे पुढचा टप्पा आला. ओघळ औताने मोडता येतो. घळ मोडता येत नाही. काम ओघळाच्या टप्प्यावर करणे सर्वांत स्वस्त.

तिसरी गोष्ट, पाणी पाहावे. पहिल्या मोठ्या पावसानंतर शेतातून बाहेर पडणारे पाणी काचेच्या बाटलीत भरून दोन तास स्थिर ठेवावे. तळाशी बसलेला गाळ शेतकऱ्याला दाखवावा. शेजारच्या, समपातळी मशागत केलेल्या किंवा आच्छादन असलेल्या शेतातील पाण्याची बाटली त्याच्या शेजारी ठेवावी. या दोन बाटल्यांनी होणारे काम तासाभराच्या व्याख्यानाने होत नाही.

उपाय नवे नाहीत. उताराला आडवी मशागत, बंदिस्त वाफे, बांधावर वाळा किंवा अन्य मुळे धरणारे गवत, आंतरपीक, पिकांच्या अवशेषांचे आच्छादन आणि पावसाळ्याच्या आरंभी जमीन उघडी न ठेवणे, ही सर्व कामे पाण्याचा वेग कमी करतात. वेग कमी झाला, की नदी जशी तंजावरच्या सपाटीवर गाळ ठेवते, तसे वाहते पाणी शेतातच माती ठेवते. वारुळे आणि गांडुळांची वस्ती राखणे हाही संधारणाचाच भाग आहे, कारण त्यांच्या बोगद्यांतून पाणी जिरते आणि जिरलेले पाणी माती नेत नाही. सर्वच वाळवी पिकाची शत्रू नसते. प्रत्यक्ष नुकसान आढळल्याखेरीज सरसकट कीटकनाशकाने जमिनीतील हे कामगार मारू नयेत.

जी माती गेली, तिचा काही भाग परत आणता येतो. जलाशय, तलाव आणि पाझर तलावांत साचलेला गाळ हा आपल्याच पाणलोटाचा वरचा थर असतो. तामिळनाडूत तलावांतील ‘वंडल’ म्हणजे गाळमाती शेतात टाकण्याची प्रथा जुनी आहे. महाराष्ट्रात २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून हेच काम होत आहे. मात्र गाळ टाकण्यापूर्वी त्याची आणि शेतातील मातीची तपासणी करावी. हलक्या, मुरमाड जमिनीला चिकण गाळ उपयुक्त ठरतो. आधीच भारी आणि निचरा कमी असलेल्या जमिनीत तो अडचण वाढवितो. क्षारयुक्त किंवा शुद्ध रेतीचा गाळ टाळावा.

सरफोजी राजांनी रचलेल्या ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकात जगाचा भूगोल पदांतून सांगितला आहे. पृथ्वीविषयीचे ज्ञान लोकांच्या भाषेत, त्यांना रुचेल अशा रीतीने पोचले पाहिजे, ही जाण तंजावरच्या दरबारात दोनशे वर्षांपूर्वी होती. आजच्या विस्तार कार्यकर्त्याकडे त्यासाठी रंगमंच नसला, तरी प्रत्येक गावात एखादा नाल्याचा काठ असतो. या खरिपापूर्वीच्या शेतीशाळेचा एक तास तेथे घ्यावा. शेतकऱ्यांना काठावर उभे करून वरच्या गडद थरावर पट्टी ठेवावी, जाडी वाचून दाखवावी आणि गावाच्या नोंदवहीत तारखेसह लिहून ठेवावी. पाच वर्षांनी त्याच जागी पट्टी पुन्हा ठेवली, की त्या शिवारात जमा जास्त झाली की खर्च, ते गावालाच कळेल.